रक्तवाहिन्यांची तब्येत सांगणाऱ्या दुर्मिळ पेशी

रक्ताच्या तपासणीसाठी येणारी माणसे रिपोर्ट हातात पडल्यावर मला एक प्रश्न हमखास विचारतात, "डॉक्टर, आमच्या नसा कशा आहेत, ते यातून कळते का?" साखर कळते, कोलेस्टेरॉल कळते, हिमोग्लोबिन कळते. पण प्रत्यक्ष रक्तवाहिनीच्या भिंतीची अवस्था काय आहे, हे त्या कागदावर कुठेच लिहिलेले नसते. प्रश्न मुळीच भाबडा नाही. कोलेस्टेरॉल ठीक असलेल्या माणसालाही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. संशोधकांनाही हा प्रश्न फार दिवसांपासून पडलेला आहे, आणि त्याच्या उत्तराचा एक धागा रक्तातल्याच काही अतिशय दुर्मिळ पेशींत सापडला आहे. आज त्यांची ओळख करून घेऊ.

रक्तवाहिनी म्हणजे नळाचा पाइप, अशी आपली समजूत असते. ती बरोबर नाही. प्रत्येक रक्तवाहिनीला आतून एकाच पेशीच्या जाडीचे पातळ अस्तर असते. १९८० साली न्यूयॉर्कच्या रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीच्या तुकड्यांवर प्रयोग केले. अस्तर शाबूत असेल तर विशिष्ट औषधाने धमनी सैल पडे; तेच अस्तर घासून निघाले असेल तर पडत नसे. धमनीला सैल करणारा संदेश हे अस्तरच देत होते. तो संदेश म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू, हे पुढे सिद्ध झाले आणि फर्चगॉट, इग्नारो व मुराद या तिघांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अस्तर निकामी होऊ लागले की धमनी ताठर होते, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते आणि चरबीचे थर साचण्यास वाव मिळतो.

आता मुख्य विषयाकडे येऊ. जुन्या घराच्या भिंतीला ओल लागली की पोपडे सुटतात. रक्तवाहिनीच्या अस्तरालाही इजा झाली की त्यातील पेशी सुटून रक्तात वाहू लागतात. निरोगी माणसाच्या रक्तातही त्या असतात, पण अगदी मोजक्या. भिंत जितकी खराब तितके पोपडे अधिक, हा यामागचा सरळ हिशेब.

पोपड्यांप्रमाणे गवंडीही असतो. अस्तराची झीज शेजारच्याच पेशी भरून काढतात, असे पूर्वी मानले जाई. १९९७ साली बोस्टन येथील ताकायुकी असाहारा आणि जेफ्री इस्नर यांच्या गटाने प्रौढ माणसाच्या रक्तातून अशा पेशी वेगळ्या काढल्या, ज्या प्रयोगशाळेत वाढवल्यावर अस्तराच्या पेशींसारखे गुण दाखवू लागल्या. प्राण्यांना टोचल्यावर त्या नवीन रक्तवाहिन्या तयार होत असलेल्या जागी जाऊन बसल्या. म्हणजे डागडुजी करणारे कारागीर रक्तातूनच फिरत असतात, ही कल्पना पुढे आली.

त्याच वर्षी अमेरिकेतील मिनेसोटा येथे सिकलसेलच्या रुग्णांवर झालेला अभ्यास आपल्या पूर्व विदर्भातील वाचकांनी मुद्दाम लक्षात घेण्यासारखा आहे. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या व कडक होतात. त्या अस्तराला चिकटतात, खरचटतात. निरोगी माणसांत एका मिलिलिटर रक्तात अस्तराच्या सरासरी दोन-तीन पेशी सापडल्या. सिकलसेलच्या रुग्णांत दहाच्या वर, आणि कळा सुरू असताना वीसच्याही पुढे. गडचिरोली-चंद्रपूरकडे ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांना कळा म्हणजे काय हे सांगायला नको. त्या वेळी केवळ हाडे दुखत नसतात, तर रक्तवाहिन्या आतून सोलवटत असतात. म्हणूनच डॉक्टरांनी हायड्रॉक्सियुरिया सुरू केले असेल, तर 'आता बरे वाटते' म्हणून ते स्वतःहून थांबवू नये. कळा कमी होणे हा त्या औषधाचाच परिणाम असतो.

या पेशी शोधणे किती अवघड, याचा अंदाज घ्या. एक मिलिलिटर रक्तात सुमारे ५०० कोटी तांबड्या पेशी असतात. प्रत्येक पेशी म्हणजे तांदळाचा एक दाणा असे धरले, तर तो साधारण हजार क्विंटल तांदूळ झाला. त्यातले चार-पाच दाणे आपल्याला निवडायचे आहेत! तांबड्या पेशी रसायनाने विरघळवल्या तरी पांढऱ्या पेशींचा एखादा क्विंटल उरतोच. मग प्रतिपिंडांची मदत घेतात. अस्तराच्या पेशीच्या अंगावर सीडी १४६ नावाचे प्रथिन असते. त्याला नेमके चिकटणारे प्रतिपिंड बारीक चुंबकीय मण्यांवर बसवतात आणि लोहचुंबकाने त्या पेशी ओढून घेतात. दुसरी रीत फ्लो सायटोमीटरची. चमकणाऱ्या रंगाने खूण केलेल्या पेशी एकामागून एक लेसरसमोरून धावतात आणि यंत्र त्या मोजते. एचआयव्हीच्या रुग्णांची सीडी ४ तपासणी ज्या तत्त्वावर होते, तेच हे.

यात एक मोठी गंमत आहे. रक्त घेण्यासाठी आपण शिरेत सुई खुपसतो, तेव्हा त्या सुईनेच शिरेचे अस्तर खरवडले जाते आणि त्या पेशी नळीत उतरतात! म्हणून अशा तपासणीत पहिली नळी बाजूला काढून दुसऱ्या नळीतले रक्त वापरतात. एवढी एक गोष्ट चुकली, तर धडधाकट माणूसही आजारी ठरायचा. माझ्या व्यवसायातल्या माणसाला हे वाचून घाम फुटतो.

मोजणीचा उपयोग काय झाला? फ्रान्समधील मार्सेय येथे १९९९ साली हृदयविकाराचा झटका आलेल्यांच्या रक्तात या सुटलेल्या पेशी वाढलेल्या आढळल्या. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संस्थेच्या अभ्यासात त्या नुसत्या जास्तच नव्हे, तर सुजलेल्या, वेड्यावाकड्या, काही तर अनेक केंद्रकांच्या दिसल्या. गवंडी पेशींची कथा याच्या उलट. २००३ मध्ये अमेरिकेत हृदयविकार नसलेल्या ४५ पुरुषांची पाहणी झाली. ज्यांना धोका अधिक, त्यांच्या रक्तात या पेशी कमी निघाल्या. २००५ मध्ये जर्मनीत हृदयाच्या धमन्यांचा विकार असलेल्या ५१९ रुग्णांवर वर्षभर लक्ष ठेवले गेले. ज्यांच्यात या पेशी भरपूर, त्यांच्यात हृदयविकाराने मृत्यू कमी झाले.

इथवर सारे छान वाटते. पण २००७ मध्ये इंडियानाच्या मर्विन योडर यांच्या गटाने दाखवून दिले, की २००३ च्या पद्धतीने गवंडी म्हणून मोजल्या गेलेल्या पेशी खरे तर रक्तकुळातल्याच होत्या. खरे गवंडी फारच थोडे. निरनिराळ्या प्रयोगशाळा निरनिराळ्या खुणांनी मोजत असल्यामुळे एकीचा आकडा दुसरीशी जुळत नाही. म्हणून ही तपासणी संशोधनापुरतीच आहे. कोणी 'नसांची तपासणी' म्हणून या पेशींच्या नावाने पैसे मागितले, तर ते देऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र या संशोधनातून हाती आलेली एक गोष्ट आजच उपयोगी आहे. जपानी संशोधकांनी २००४ साली सिगारेट ओढणाऱ्यांवर अभ्यास केला. सिगारेट सोडताच थोड्याच आठवड्यांत दुरुस्तीच्या म्हणून मोजलेल्या पेशींची संख्या वाढली आणि पुन्हा ओढू लागताच ती घसरली. नेमकी कोणती पेशी, हा वाद बाजूला ठेवला तरी इतक्या लवकर फरक पडतो, हे मला फार मोलाचे वाटते. 'वीस वर्षे ओढली, आता सोडून काय होणार?' असे म्हणणारे रोज भेटतात. खऱ्ऱ्याला धूर नसतो हे खरे, पण त्यातला तंबाखू निकोटिन रक्तात सोडतोच आणि रक्तदाब व नाडी वाढवतोच.

तेव्हा नसा कशा आहेत असे विचारणाऱ्यांना मी आधी रक्तदाब कधी मोजला होता ते विचारतो. बहुतेकांना आठवत नाही. उच्च रक्तदाब आणि मधुमेह हे अस्तराचे मोठे शत्रू आहेत, आणि दोन्ही मोजण्याची सोय प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे.