ज्यू धर्म आणि केस कापणे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

ज्यू पुरुष म्हटला की कानांवरून लोंबणाऱ्या वळणदार बटा, हे चित्र बहुतेकांच्या मनात पक्के बसले आहे. चित्रपटांतून आणि जेरुसलेमच्या छायाचित्रांतून ते पुन्हा पुन्हा समोर येते. त्यासोबत एक विधानही ठामपणे केले जाते : ज्यू धर्मात कानाजवळचे केस कधीच कापायचे नसतात, ते वाढवलेच पाहिजेत. हे विधान चुकीचे आहे. त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष तर अन्यायकारकही आहे. रायगड, मुंबई, ठाणे, पुणे इथल्या बेने इस्राएल या ज्यू समाजातील पुरुषांना सहसा अशा बटा नसतात, म्हणून त्यांनी धर्माचार सोडला, असे सर्रास बोलले जाते. धर्मशास्त्र काय सांगते, हे पाहण्याची तसदी मात्र कोणी घेत नाही.

मूळ आज्ञा तोरा या ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथातील लेवीय या भागात आहे (19:27). डोक्याच्या कडेचे केस गोलाकार कापू नयेत आणि दाढीच्या कडा नष्ट करू नयेत, एवढाच तिचा आशय. ही आज्ञा निषेधाची आहे. केस किती वाढवावेत, याबद्दल तिच्यात अक्षरही नाही.

गोलाकार कापणे म्हणजे काय, याचा खुलासा तालमूद या प्राचीन धर्मचर्चांच्या संग्रहातील मक्कोत या भागात मिळतो. कपाळावर केस नसतात आणि कानाच्या मागेही नसतात. या दोहोंच्या मध्ये कानशिलावर केसांचा एक पट्टा खाली उतरतो. तो पट्टा काढून टाकला की कपाळापासून कानामागेपर्यंत केसांची कड सरळ जाते आणि डोक्याभोवती गोल फिरते. निषेध आहे तो एवढ्याच गोष्टीचा. या पट्ट्याला पेआ म्हणतात. दोन्ही बाजूंचे मिळून पेओत. दोष एकट्या न्हाव्याचा मानलेला नाही. डोके पुढे करून, मान वळवून त्याला मदत करणारे गिऱ्हाईकही तितकेच दोषी ठरते.

पट्ट्याची हद्दही आखून दिलेली आहे. योसेफ कारो यांचा शुल्हान आरुख हा धर्मशास्त्राचा ग्रंथ 1565 मध्ये व्हेनिसला छापला गेला. त्याच्या योरे देआ या खंडातील 181व्या प्रकरणानुसार ही हद्द कपाळाच्या केसांपासून सुरू होते आणि कानाच्या खाली, जबड्याचे हाड रुंदावते तिथे संपते. या जागेतील केस मुळापासून काढायचे नाहीत. कात्रीने ते अगदी त्वचेलगत कापले तर चालते का, यावर शास्त्रकारांत मतभेद आहेत. त्यामुळे केसाचे टोक मुळाकडे वाकवता येईल इतकी लांबी ठेवावी, असे अनेक उत्तरकालीन अधिकारी सांगतात. म्हणजे नियम पाळायला साधे, आखूड कल्ले पुरतात. मशीन फिरवून कानशील साफ केले तर नियम मोडतो. बटा नसल्या म्हणून मोडत नाही.

मग लांब बटा आल्या कुठून? त्या प्रथेतून आल्या. आज्ञेविषयीचा आदर दिसावा म्हणून हासिदी या ज्यू भक्तिपंथाने आणि येमेनी ज्यूंनी पेओत लांब राखले, आणि ती त्यांची ओळख झाली. रशियात झार निकोलस पहिला याच्या राजवटीत (1825–1855) पेओत राखण्यावर बंदी आली, तेव्हा श्रद्धावंतांच्या लेखी त्यांचे मोल आणखी वाढले. या प्रथेचा मान राखायलाच हवा, पण तिला सर्व ज्यूंवरचे बंधन म्हणणे खोटे आहे. ज्यांच्या गूढविद्येचा हासिदी परंपरेवर खोल ठसा आहे, ते सफेद या गावचे इसहाक लुरिया (1534–1572) स्वतः पेओत कात्रीने कापत, ते दाढीत मिसळू नयेत म्हणून. दाढीला मात्र ते हात लावत नसत. ही माहिती त्यांचे शिष्य हाईम व्हिताल यांच्या लेखनातून येते.

दाढीबद्दलचा गैरसमजही याच जातीचा आहे. धार्मिक ज्यूने दाढी कधीच काढू नये, असे समजले जाते. तालमूदने इथे दोन वचने जोडून पाहिली आहेत. लेवीय 19:27 मध्ये दाढी नष्ट करण्याचा उल्लेख आहे, तर 21:5 मध्ये पुरोहितांच्या संदर्भात दाढी करण्याचा. दोन्ही एकाच वेळी घडते ते वस्तऱ्याने. कात्रीने केस पूर्ण नष्ट होत नाहीत, आणि चिमट्याने उपटण्याला दाढी करणे म्हणत नाहीत. म्हणून मनाई आहे ती वस्तऱ्याला. दाढीच्या पाच कडा नेमक्या कोणत्या, यावर एकमत नसल्याने दाढीवर कुठेही वस्तरा लावू नये, असा निर्णय कारो देतात. वरच्या ओठावरील मिशीला मात्र वस्तरा चालतो. विजेच्या शेव्हरची पाती कात्रीसारखी चालतात, म्हणून अनेक रब्बी (धर्मगुरू) त्याला परवानगी देतात. काही देत नाहीत.

बाकीचे गैरसमज आणि त्यांमागची वस्तुस्थिती थोडक्यात :

हे नियम स्त्रियांनाही लागू आहेत. नाहीत. मिश्ना या तालमूदच्या मूळ संहितेतील किद्दूशीन या भागात (1:7) या दोन्ही निषेधांतून स्त्रियांना वगळले आहे.

लग्नानंतर ज्यू स्त्रीला मुंडण करावे लागते. धर्मशास्त्रात विवाहितेने केस झाकण्याचा नियम आहे, मुंडणाचा नाही. मुंडणाची चाल काही हासिदी समाजांपुरती, विशेषतः हंगेरीतून आलेल्यांपुरती आहे.

मुलाचे जावळ तिसऱ्या वर्षीच काढावे, अशी आज्ञा आहे. ही केवळ प्रथा आहे. लाग बाओमेर या सणाच्या दिवशी इस्राएलमधील मेरोन इथे ती मोठ्या प्रमाणावर पाळली जाते. अनेक समाज ती पाळतही नाहीत.

केस न कापणे हेच पुण्य. तालमूदच्या सान्हेद्रीन या भागात राजाने रोज, महायाजकाने दर शुक्रवारी आणि साध्या याजकाने तीस दिवसांतून एकदा केस कापावेत, असे सांगितले आहे. केस वाढवण्याचे व्रत नाझीराचे, म्हणजे विशिष्ट नवस केलेल्या व्यक्तीचे असते (गणना 6), आणि त्याच्या सांगतेला नाझीर डोके मुंडतो.

केस कधीही कापले तरी चालतात. शब्बाथला, म्हणजे साप्ताहिक विश्रामदिनी, ते वर्ज्य आहे. जवळच्या नातलगाच्या दुखवट्यात तीस दिवस केस कापत नाहीत. पेसाह आणि शावुओत या सणांच्या मधल्या ओमेरच्या काळातही बंधन असते. ते अश्कनाझी (मध्य व पूर्व युरोपीय) रीतीत बहुधा 33व्या दिवशी सुटते, तर सेफार्दी (मूळच्या स्पॅनिश) रीतीत 34व्या दिवशी सकाळी. तिशा बआव या शोकदिनापूर्वी अश्कनाझी तीन आठवडे केस कापत नाहीत. सेफार्दींमध्ये बहुधा तो दिवस ज्या आठवड्यात येतो तेवढाच आठवडा वर्ज्य असतो.