आक्रसलेली केशमुळे

पुरुषाच्या कपाळावरील केस मागे हटू लागले की दोष तेलापाण्याला दिला जातो. कारण निराळे आहे. आनुवंशिक प्रवृत्तीमुळे काहींची केशमुळे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाच्या प्रभावाने आक्रसत जातात. केस लवेसारखा बारीक होतो. मूळ मात्र लगेच मरत नाही. उपचारास वाव आहे तो एवढ्यामुळेच.

मिनॉक्सिडिल हे मूळचे रक्तदाबावरील औषध. ते पोटात घेणाऱ्यांच्या अंगावर नको तेथे केस उगवू लागले, तेव्हा त्याचा द्राव डोक्यास लावून पाहण्यात आला!

मुंबईच्या लोकमान्य टिळक महापालिका वैद्यकीय महाविद्यालयातील एक प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. शंभर पुरुषांना हा द्राव (५ टक्के) रोज दोनदा लावावयास दिला. त्यांपैकी निम्म्यांच्या टाळूवर आठवड्यातून एकदा दीड मिलिमीटर सुयांचा रूळही फिरविला. बारा आठवड्यांनी ठरावीक जागेतील केस नुसत्या द्रावाने सरासरी २२, तर सुयांच्या जोडीने ९१ इतके वाढले. सूक्ष्म जखमा भरून काढताना शरीर जी वृद्धिद्रव्ये सोडते, ती केशमुळास चेतवीत असावीत.

बारा आठवडे हा अवधी तोकडाच. शिवाय द्राव सोडला की लाभ काही महिन्यांत ओसरतो. घरी रूळ फिरविणाऱ्याने तर जपावे: अस्वच्छ सुयांनी जंतुसंसर्ग होतो, आणि ताज्या जखमांतून औषध रक्तात अधिक उतरू शकते.