रेड डॉग: टुंड्रातलं जस्त

सोनं नदीच्या वाळूत चमकतं, तांबं खडकावर हिरवे-निळे डाग सोडतं. जस्ताचं तसं काही नाही. ते उघड्यावर पडलेलं असलं तरी वाटसरूच्या नजरेत भरत नाही. जगातल्या अतिश्रीमंत जस्तसाठ्यांपैकी एक माणसाला सापडला तोही जस्तामुळे नव्हे, तर त्याच्या संगतीत राहणाऱ्या लोखंडामुळे.

हा साठा अलास्काच्या वायव्येला, ब्रूक्स पर्वतरांगेच्या पश्चिम टोकाकडच्या डी लाँग डोंगरांत, आर्क्टिक वृत्ताच्याही बराच उत्तरेला आहे. कॉटझब्यू हे त्यातल्या त्यात मोठं गाव, तेसुद्धा सुमारे दीडशे किलोमीटर लांब. छोट्या विमानातून या भागात हिंडणाऱ्या बॉब बेकर या वैमानिकाला इथल्या ओढ्यांवरचे तांबडे डाग वरून दिसायचे. त्याच्या तांबूस कुत्र्यावरून ओढ्याला आणि पुढे खाणीलाही ‘रेड डॉग’ हे नाव पडलं. १९६८ साली अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले इर्व्ह टेल्युअर तिथे गेले, त्यांनी ते डाग पाहिले, आणि १९७० मध्ये ही माहिती छापून सर्वांसाठी खुली झाली.

डाग कसले? साठ्यात जस्ताच्या जोडीला पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज, भरपूर आहे. हवा-पाण्याशी गाठ पडली की पायराइट कुजतो, गंज चढतो आणि आम्ल तयार होतं. ते आम्ल जस्त, शिसं, कॅडमियम विरघळवून ओढ्यात सोडतं. खाणीची पहिली कुदळ पडण्याआधीही या ओढ्याच्या काही भागात मासे तगत नव्हते. निसर्गातलं पाणी स्वच्छच असणार, असं आपण धरून चालतो. इथे ते नव्हतं.

आता मूळ प्रश्न: एवढं जस्त एका जागी जमलंच कसं? सुमारे ३४ कोटी वर्षांपूर्वी, कार्बोनिफेरस कालखंडात, इथे समुद्र होता, आणि हा भूभाग आजच्याइतका उत्तरेलाही नव्हता. कडेच्या उथळ पाण्यात चुनखडक साचत होता, तर खोलगट भागात सेंद्रिय द्रव्यानं भरलेला काळा चिखल. उथळ भागातलं पाणी आटून दाट, खारट झालं. असं पाणी जड, म्हणून ते तळाच्या गाळातून खोल झिरपलं. खाली शंभर-दोनशे अंशांची उष्णता होती. गरम खारं पाणी धातूंचा मोठा चोर! त्यातल्या क्लोराइडनं खडकांतलं जस्त आणि शिसं कणाकणानं उचललं. मग जमिनीतल्या भेगांमधून हे पाणी वर आलं आणि काळ्या चिखलात शिरलं. तिथे ऑक्सिजन नव्हता, गंधक मात्र तयार होतं. जस्ताची आणि गंधकाची भेट झाली की स्फॅलेराइट बनतं आणि ते पाण्यात राहत नाही, तिथेच बसतं. या सगळ्यात ज्वालामुखीची गरज पडत नाही.

पूर्वी समजूत अशी होती की सारं खनिज समुद्रतळावर थरांनी साचलं असावं. बारकाईनं पाहिल्यावर दिसलं की बरंचसं काम तळाखाली, चिखलाच्या आतच उरकलं. आधी बॅराइट हे बेरियमचं पांढुरकं खनिज जमलं होतं. मागाहून आलेल्या जस्तानं ठिकठिकाणी त्याचीच जागा बळकावली.

हे खनिज हातात घेतलं तर निराशाच होईल. तपकिरी-करडा, बारीक कणांचा दगड. पण वजनानं चकवतो, आकाराच्या मानानं फारच जड लागतो. सुरीनं खरवडून भुकटीवर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला, की सडक्या अंड्यांचा वास येतो. स्फॅलेराइटची ही जुनी ओळख. कण इतके बारीक, की शिसं आणि जस्त वेगळं करायला दगड पिठासारखा दळावा लागतो.

पुढे डोंगर उभे राहताना गाळाचे थर एकमेकांवर ढकलले गेले. मूळ साठ्याचे तुकडे झाले आणि काही पृष्ठभागाजवळ आले. म्हणून इथे एकच सलग साठा नाही. मेन, अक्कालुक, कानाय्याक, पालाक असे वेगवेगळे आहेत. मेनमधल्या खनिजात सुरुवातीला जस्ताचं प्रमाण सतरा टक्क्यांच्या घरात होतं. अनेक खाणी पाच-सहा टक्क्यांवर चालतात. राजस्थानातल्या रामपुरा-आगुचाचं खनिजही अतिश्रीमंत आणि मुळात गाळातलंच, पण त्या खडकांना उष्णता आणि दाबानं पार बदलून टाकलंय; रेड डॉगचा काळा शेल, म्हणजे त्या चिखलाचाच बनलेला खडक, अजून शेलच आहे.

रेड डॉगची जमीन ‘नाना’ या इनुपियाक लोकांच्या प्रादेशिक महामंडळाची. कॉमिन्को कंपनीशी १९८२ मध्ये करार झाला, १९८९ पासून उत्पादन सुरू झालं. ऐंशीएक किलोमीटरच्या रस्त्यानं माल चुकची समुद्राच्या काठी जातो, पण समुद्र वर्षातले जेमतेम तीन-चार महिनेच मोकळा. उरलेल्या काळात तयार होणारा माल प्रचंड गोदामांत पडून राहतो.

मेनमधलं खनिज संपत आलं, तेव्हा अक्कालुकवर खोदकाम सरकलं. त्याआधीच, १९९९ मध्ये, दहाएक किलोमीटरवर अनाराक हा साठा सापडला होता. तो इतका खोल आहे की वर तांबडा डाग नाही. त्याचा माग लागला तो गुरुत्वाकर्षणाच्या मोजणीत: एका ठिकाणी ओढ किंचित जास्त भरली. खाली जड बॅराइटचा मोठा साठा होता, आणि छिद्रं पाडल्यावर त्याच परिसरात जस्तही हाती लागलं.