पोलादाचे बळ त्याच्या अंतरंगात

भालकी, औराद, बसवकल्याण किंवा आळंद परिसरातील लोहार विळ्याला ‘पाणी देतो’, हे ग्रामस्थांच्या नित्य परिचयाचे दृश्य आहे. लालबुंद तापलेली धार पाण्यात बुडविली की ती कठीण होते. मात्र एवढ्यावरच थांबल्यास ती ठिसूळही होते. म्हणून जाणता लोहार केवळ धारच बुडवितो आणि पात्याच्या मागील भागात उरलेली उष्णता पुन्हा धारेकडे येऊ देतो. त्यामुळे धारेचा ठिसूळपणा जातो व कठीणपणा बव्हंशी टिकतो.

घरबांधणीसाठी आज सर्वत्र वापरली जाणारी टीएमटी सळई याच तत्त्वावर तयार होते. कारखान्यात लाटून निघालेली, सुमारे १,००० अंश सेल्सिअस तापमानाची सळई पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांतून जाते. बाहेरचा थर एकाएकी थंड झाल्याने पोलादातील कार्बनच्या अणूंना बाजूला सरकण्यास अवधी मिळत नाही. ते लोहाच्या कणरचनेत अडकून पडतात व ‘मार्टेन्साइट’ नावाची अतिशय कठीण रचना निर्माण होते. पुढे गाभ्यातील उष्णता बाहेर येऊन या थराचा ठिसूळपणा घालविते. गाभा मात्र सावकाश निवतो. त्यात ‘फेराइट’ व ‘पर्लाइट’ या मऊ, लवचीक रचना तयार होतात. अशा रीतीने एकाच सळईत बाहेर कणखर कडे व आत ताण सोसणारा गाभा यांचा मिलाफ होतो.

या मिलाफाचे महत्त्व भूकंपप्रसंगी कळते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या शेजारील किल्लारी परिसरात भूकंप होऊन सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. दगडमातीच्या जड भिंती व माळवदे हादऱ्यासरशी कोसळली. काँक्रीटमधील सळईने अशा वेळी ताणावे, वाकावे. पण तुटू नये, अशी अपेक्षा असते. म्हणूनच भारतीय मानक १७८६ नुसार तुटण्यापूर्वी ‘एफई ५००’ सळई किमान १२ टक्के, तर ‘एफई ५००डी’ सळई किमान १६ टक्के लांबली पाहिजे. दोहोंची किमान ताकद समान असली, तरी दुसरी अधिक ताण सोसते.

हे बळ उष्णतेने आलेले असल्याने उष्णतेनेच ते नाहीसेही होते. जाड सळई वळविण्यासाठी, किंवा पुढील मजल्यासाठी सोडलेल्या वाकड्या सळया सरळ करण्यासाठी, त्या भट्टीत वा गॅसच्या ज्योतीवर लाल करण्याची प्रथा काही ठिकाणी आढळते. तसे केल्यास बाहेरचे कणखर कडे मऊ पडते. सळई दिसावयास पूर्वीसारखीच दिसते. परंतु तिची ताकद घटलेली असते आणि काँक्रीट पडल्यावर हा दोष कोणाच्याही दृष्टीस पडत नाही.

तरी घर बांधणाऱ्यांनी सळईवरील आयएसआय चिन्ह व प्रत पाहून घ्यावी, सळई थंड स्थितीतच वळवून घ्यावी आणि आपल्या गवंड्यासही हे आवर्जून सांगावे. लोहाराने विळा पुन्हा तापविला, तर तो त्यास नव्याने पाणी देतो. स्लॅबवर तापविलेल्या सळईला पुन्हा पाणी देणारे कोणी नसते.