पार्लरचे मशीन घेण्याआधी हिशेब मांडा

आपल्या वस्त्यांतील अनेक मुली आज ब्युटीशियनचा कोर्स करून स्वतःच्या पायावर उभ्या राहू पाहत आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. आई तारापूरच्या कारखान्यात पॅकिंगला जाते, वडील हंगामी मजुरी करतात आणि लेक पालघर-बोईसरला जाऊन कोर्स पुरा करते. सर्टिफिकेट हातात पडले की पहिला प्रश्न उभा राहतो तो मशीनचा. चेहऱ्यावरची मृत त्वचा काढण्यासाठी म्हणून दुकानदार ‘सात कामे करणारे’ मोठे मशीन पुढे करतो, हप्त्याची सोय सांगतो आणि आईची भिशी किंवा बचतगटाचे कर्ज त्यात अडकते. म्हणून आम्ही या मुलींना व त्यांच्या आई-वडिलांना चार गोष्टी सांगू इच्छितो.

काम काय, ते आधी समजून घ्या

आपल्या त्वचेवर मृत पेशींचा एक थर असतो. चेहऱ्यावर तो केसाच्या जाडीपेक्षाही पातळ असतो. तरुण वयात साधारण 28 दिवसांत वरची त्वचा आपोआप नवी होते. मशीन फक्त या कामाला थोडा हातभार लावते. आपल्या आज्या टाचा घासायला वज्री वापरत, अंगाला वाळलेल्या घोसाळ्याची जाळी आणि लग्नाआधी उटणे लावत. तेही हेच काम होते. वज्री मात्र टाचेसाठी आहे, गालासाठी नाही. हा फरक जिला कळला, तिला निम्मा धंदा कळला.

बाजारात काय मिळते?

पहिला प्रकार फिरत्या ब्रशचा. तो स्वस्त असतो, पण प्रत्येक बाईसाठी धुतलेला वेगळा ब्रश लागतो. ब्रशचे सुटे तोंड नंतर मिळणार नसेल तर तो घेऊ नये.

दुसरा प्रकार अल्ट्रासोनिक स्क्रबर. याला धातूची चपटी पट्टी असते आणि ती सेकंदाला 20,000 पेक्षा जास्त वेळा थरथरते. ओल्या त्वचेवरच ती चालवायची, कोरड्यावर कधीही नाही. पट्टी पुसून स्वच्छ करता येते, वारंवार बदलावा लागणारा भाग नसतो. पेसमेकर बसवलेल्या किंवा गरोदर बाईवर मात्र ते वापरू नये.

तिसरा प्रकार मायक्रोडर्माब्रेजनचा. ही पद्धत 1985 साली इटलीत निघाली. तेव्हा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण त्वचेवर मारून ओढून घेत असत. पुढे हिऱ्याची कणी बसवलेले टोक आले. यात मोटर, नळी, फिल्टर असा पसारा असतो. ओढ जास्त झाली तर चेहऱ्यावर लाल-काळे वळ उठतात. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेला इजा झाली की ती जागा काळी पडते आणि तो डाग महिनोन्महिने जात नाही. नवरीच्या चेहऱ्यावर असा डाग पडला तर गावात पुन्हा कोण येईल? नवशिक्या मुलीने हे मशीन पहिल्या वर्षी घेऊच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वीस आणि दोनशे

आता आकडेमोड करू. समजा एका फेशियलमागे सामानाचा खर्च जाऊन 150 रुपये हाती उरतात. 3,000 रुपयांचे मशीन घेतले तर 20 गिऱ्हाइकांत पैसे वसूल. 30,000 चे घेतले तर 200 गिऱ्हाइके लागतील, आणि व्याज, दुरुस्ती, फिल्टर यांचा खर्च वेगळाच.

दातिवऱ्याचेच उदाहरण घ्या. वैतरणा खाडीच्या मुखाशी असलेले हे गाव. बाया रोज येतील त्या थ्रेडिंगला. फेशियलची गर्दी होईल ती लग्नसराईत. तिथे 200 चा आकडा कधी गाठणार? मशीन बिघडले तर ते घेऊन आधी सफाळे स्टेशन आणि तिथून लोकलने मुंबई गाठायची. एक दिवस बुडाला, भाडे गेले. शिवाय समुद्राची खारी हवा लोखंडाला खाते. म्हणून स्टेनलेस स्टीलच घ्या, वापर झाल्यावर कोरडे करून झाकून ठेवा. पक्के बिल, वॉरंटीचे कार्ड, दुरुस्तीचे ठिकाण आणि तीन पिनांचा प्लग, हे पाहिल्याशिवाय पैसे मोजू नका.

आमच्या मते सुरुवातीला एक चांगला स्टीमर, एक अल्ट्रासोनिक स्क्रबर, बारीक दाण्याचा सौम्य स्क्रब आणि डझनभर स्वच्छ सुती नॅपकिन एवढे पुरे. उरलेले पैसे स्वच्छतेवर घाला. हिपॅटायटिस-बीचा विषाणू शरीराबाहेर किमान 7 दिवस जिवंत राहतो. ब्लॅकहेड काढायची सळई साबणाने धुऊन 20 मिनिटे उकळा. स्क्रबरची पट्टी प्लग काढून आधी ओल्या फडक्याने, मग स्पिरिटने पुसा. रक्त लागलेला ब्रश फेकूनच द्या.

नाही म्हणायला शिका

पिकलेल्या मुरमांवर, जखमेवर, उन्हाने भाजलेल्या चेहऱ्यावर कोणतेही मशीन लावू नका. ‘कोणते मलम लावता?’ हे प्रत्येकीला विचारा. गोरे होण्यासाठी अनेक बाया स्टिरॉइडचे मलम लावतात आणि त्याने त्वचा पातळ होते. 2018 साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी केली. अशा बाईला त्वचेच्या डॉक्टरकडे पाठवा. आणि मशीनने रंग उजळतो असे कोणालाही सांगू नका. त्वचा नितळ दिसते, रंग बदलत नाही. सावळा रंग हा काही रोग नव्हे, हे सांगायला आपल्या मुलींनी लाजू नये.

कर्जाबद्दल

2015 पासून चालू झालेल्या मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात 50,000 रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळू शकते. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी 1978 साली स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळही आहे. त्याच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करावी. पण पन्नास हजार मिळतात म्हणून पन्नास हजारांचे मशीन घेणे हा धंदा नव्हे. गरजेपुरते घ्या आणि एक वही घाला. रोजची जमा, रोजचा खर्च आणि त्यातला मशीनसाठी बाजूला काढलेला भाग लिहा. वर्षभराने मोठे मशीन घ्यायचे की नाही, ते ती वहीच सांगेल. दुकानदाराला विचारायची गरज पडणार नाही.