हाताला कळणारं यंत्र

जुनी मोटो गुझी सुरू करून जागच्या जागी अ‍ॅक्सिलरेटर पिळला, की अख्खी गाडी उजवीकडे कलते. नवखा स्वार दचकून पाय रोवतो. बहुतेक मोटारसायकलींमध्ये क्रँकशाफ्ट चाकांच्या आसाला समांतर, म्हणजे आडवा बसवलेला असतो. गुझीच्या ‘व्ही’ आकाराच्या इंजिनात तो पुढून मागे, गाडीच्या लांबीत असतो. त्यामुळे इंजिनाने एकदम वेग घेतला, की त्याचा उलटा हिसका गाडीच्या अंगात येतो. पुस्तकी हिशेबाने ही उणीवच. पण सत्तरीला टेकलेला गुझीवाला याच हिसक्याविषयी भरभरून बोलतो.

इटलीत मोटारसायकलींची घराणी पुष्कळ. बोलोन्याची डुकाटी, ब्रेगांझेची लावेर्दा, पेझारोची बेनेल्ली, कशिना कोस्ताची एम. व्ही. अगुस्ता. या प्रत्येकीवर जीव टाकणारी पिकल्या केसांची माणसं जगभर आहेत. डुकाटीवाल्यांकडे तर त्यांची स्वतःची पुराणकथा आहे. १९७८च्या जूनमध्ये माइक हेलवूड अकरा वर्षांच्या खंडानंतर आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत परतला. वय ३८, मोटारशर्यतीतल्या अपघाताने अधू झालेलं पाऊल, आणि तरी डुकाटीवर बसून तो जिंकला. हे यश ज्यांनी तरुणपणी ऐकलं किंवा पाहिलं, त्यांच्यासाठी ती गाडी तेव्हापासून नुसतं यंत्र राहिलेली नाही.

तरीही या प्रेमाचा शोध घ्यायचा तर मला मोटो गुझीकडेच जावंसं वाटतं. इतर घराण्यांचा गौरव मुख्यतः शर्यतीच्या मैदानावरचा आहे. गुझीचं नातं मात्र पोलिसांच्या ताफ्याशी, टपालवाल्याशी, डोंगरातल्या शेतकऱ्याशी आणि रविवारी बायकोला मागे बसवून निघालेल्या कामगाराशी जडलेलं होतं. शिवाय १९२१ पासून आजपर्यंत ती एकाच गावात तयार होते. कोमो सरोवराच्या पूर्व काठावर, ग्रिन्या डोंगरांच्या पायथ्याशी मांडेल्लो देल लारियो नावाचं हे गाव आहे. तिथल्या कारखान्याचं लाल फाटक जगभरच्या गुझीवाल्यांना पाठ आहे. जर्मनी, हॉलंड, ब्रिटनमधून म्हातारे स्वार आल्प्सचे घाट चढून तिथे येतात आणि फाटकासमोर गाडी उभी करून फोटो काढतात.

कंपनीची गोष्ट पहिल्या महायुद्धात सुरू होते. इटलीच्या नौदलाच्या विमानदळात कार्लो गुझी हा मेकॅनिक होता, तर जॉर्जो पारोदी आणि जोव्हान्नी रावेल्ली हे वैमानिक. युद्ध संपलं की मोटारसायकली काढायच्या, असं तिघांनी ठरवलं. आराखडा गुझीचा, पैसा पारोदीच्या जेनोव्हातल्या जहाजमालक वडिलांचा आणि शर्यतीत गाडी पळवायची रावेल्लीने, अशी वाटणी होती. १९१९ मध्ये रावेल्ली विमान अपघातात गेला. गुझीच्या टाकीवर पंख पसरलेला जो गरुड दिसतो, तो त्याच्या स्मरणार्थ आहे. १५ मार्च १९२१ रोजी कंपनी स्थापन झाली आणि ‘नॉर्माले’ ही पहिली गाडी निघाली. ५०० सीसीचा एकच सिलिंडर आणि तोही झोपवलेला, तोंड पुढच्या चाकाकडे. वारा थेट त्याच्यावर यावा, तो थंड राहावा आणि गाडीचं वजन खाली राहावं, हा त्यामागचा विचार. ही मांडणी गुझीने जवळजवळ अर्धं शतक सोडली नाही.

कार्लोचा भाऊ जुझेप्पे यानेही एक मोलाची गोष्ट केली. त्या काळी मोटारसायकलचं मागचं चाक चौकटीला घट्ट बांधलेलं असे आणि खड्ड्याचा दणका थेट पाठीच्या कण्यात जाई. जुझेप्पेने स्प्रिंगांवर डोलणारी मागची चौकट तयार केली आणि तिच्यावर लोकांचा विश्वास बसावा म्हणून १९२८ मध्ये तो स्वतः गाडी घेऊन नॉर्वेकडे, पार उत्तर ध्रुववृत्तापर्यंत गेला. त्या गाडीला ‘नॉर्जे’ हेच नाव पडलं. शर्यतवाल्यांचा संशय फिटायला मात्र १९३५ उजाडावं लागलं. त्या वर्षी आइल ऑफ मॅनच्या सीनियर शर्यतीत मागे स्प्रिंग असलेल्या गुझीवर स्टॅन्ली वुड्सने जिमी गथ्रीला अवघ्या ४ सेकंदांनी हरवलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५० मध्ये ‘फाल्कोने’ आली. डाव्या बाजूला उघड्यावर फिरणारं मोठं फ्लायव्हील आणि त्या वजनामुळे संथ, मोजके ठोके. इटलीच्या पोलिसांनी ती वर्षानुवर्षं वापरली. त्याच वर्षी मांडेल्लोत स्वारासकट पूर्ण मोटारसायकल मावेल असा वायुबोगदा उभा राहिला. १९५३ ते १९५७ अशी सलग पाच वर्षं ३५० सीसी गटाचं विश्वविजेतेपद गुझीच्या त्या झोपलेल्या एका सिलिंडरनेच मिळवलं. जूलियो चेझारे कार्कानो या अभियंत्याने ५०० सीसीत आठ सिलिंडर बसवून तब्बल २७५ किलोमीटर वेगाची शर्यतगाडीही बनवली. मग १९५७ च्या अखेरीस खर्च झेपेना म्हणून कंपनी शर्यतीतून बाहेर पडली. साठच्या दशकात लोक छोट्या मोटारगाड्या घेऊ लागले, दुचाकींचा बाजार आटला आणि १९६४ मध्ये कार्लो गुझीचं निधन झालं.

अशा पडत्या काळात त्याच कार्कानोचं इंजिन कामाला आलं. सरकारी ताफ्यांना कमी देखभालीत दीर्घकाळ टिकणारी गाडी हवी होती. कार्कानोने ९० अंशांत उघडलेले दोन सिलिंडर गाडीच्या दोन्ही बाजूंना बाहेर काढले आणि मागच्या चाकाला साखळीऐवजी शाफ्ट दिला. ७०३ सीसीची ही ‘व्ही-७’ १९६५ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात आली आणि १९६७ मध्ये विकू लागली. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या पोलिसांनीही ती घेतली आणि त्यातूनच रुंद हँडलची ‘कॅलिफोर्निया’ जन्मली. आज म्हाताऱ्या स्वारांच्या जिवाभावाची झालेली ती गाडी मुळात पोलिसांच्या गरजेतून आली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तिला दुरुस्तीची सोय जन्मतःच मिळाली होती.

पुढे लीनो तोंती हा अभियंता आला. व्ही-७ चं इंजिन उंच होतं, कारण डायनॅमो त्याच्या डोक्यावर बसवलेला. तोंतीने तो काढून क्रँकच्या पुढच्या टोकाला अल्टरनेटर लावला. मोकळ्या झालेल्या जागेतून, दोन सिलिंडरच्या मधून, त्याने सरळ नळ्यांची बुटकी चौकट ओवली. कारखान्यात संप चालू असताना त्याने हे काम घरच्या गॅरेजमध्ये पुढे नेलं, असं सांगतात. १९७१ ची ‘व्ही-७ स्पोर्ट’ ती हीच. सुरुवातीच्या मोजक्या गाड्यांची चौकट लाल रंगाची होती आणि आज तिच्यासाठी संग्राहक घरदार विकायला तयार होतात, असं म्हटलं तरी ते फारसं खोटं ठरणार नाही. १९७६ मध्ये ८४४ सीसीची ‘ल मां’ आली. त्या काळच्या कितीतरी पोरांनी तिचं चित्र खोलीत भिंतीवर लावलं. गाडी हाती आली ती नोकरी स्थिरावल्यावर, मुलं मोठी झाल्यावर, कुणाकुणाला तर निवृत्तीनंतर.

इथे एक सोपं स्पष्टीकरण पुढे केलं जातं. हे सगळं तारुण्याच्या आठवणींचं प्रेम आहे, असं लोक म्हणतात. मला ते पुरेसं वाटत नाही. आठवणीला भिंतीवरचं चित्र पुरतं. त्यासाठी कडाक्याच्या थंडीत गॅरेजमध्ये गुडघे टेकून बसायची गरज नसते. ही माणसं बसतात, कारण त्या यंत्रात त्यांना शिरकाव आहे.

टॅपेट सेट करण्याचं, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवण्याचंच काम घ्या. गुझीची दोन्ही सिलिंडर हेड बाजूंना बाहेर आलेली असतात. इंजिन थंड असताना छोट्या स्टुलावर बसायचं, कव्हरचे बोल्ट काढायचे, पिस्टन वरच्या टोकाला आणायचा, फीलर गेजचं पातं सरकवून पाहायचं, स्क्रू फिरवून लॉकनट आवळायचा. एका बाजूला दोनच व्हॉल्व्ह. टाकी काढावी लागत नाही, कॅमशाफ्टला हात लावावा लागत नाही. चार सिलिंडर ओळीत मांडलेल्या जपानी गाड्यांत हेच काम टाकीखाली हात घालून, अंदाजाने चाचपत करावं लागतं. क्लच बदलायचा तर काम मोठं आहे, पण तिथेही तोंतीने वाट ठेवली आहे. त्याच्या चौकटीच्या खालच्या नळ्या बोल्ट काढले की सुट्या होतात. इंजिन आणि गिअरबॉक्स खाली स्टँडवर तसेच ठेवून बाकीची गाडी मागून उचलायची आणि पुढच्या चाकावर कलवायची. दोन म्हातारे मित्र एका दुपारी हे करू शकतात, आणि करतात.

हे कौतुक आंधळं नाही. जुन्या गुझींचं एक दुखणं फार वाईट आहे. सिलिंडरच्या आतल्या भिंतीला क्रोमचा थर असे. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली, की हा थर पापुद्र्यासारखा सुटतो आणि त्याचे कण तेलात उतरतात. त्यात सुरुवातीच्या गाड्यांत ऑइल फिल्टर नव्हता, नुसती जाळी होती. फिल्टर आला तो १९७५ च्या ‘८५० टी-३’ मध्ये. म्हणजे हे कण थेट क्रँकच्या बेअरिंगपर्यंत जात. एखाद्याच्या आजोबांची गाडी कोठारातून बाहेर निघते, लोक आनंदाने किक मारायला धावतात, आणि जाणता माणूस त्यांना थांबवतो: आधी हेड खोला, भिंत पाहा. यावर उपाय आहे तो निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा मुलामा दिलेल्या नव्या सिलिंडरचा. असे सिलिंडर बनवणारी जिलार्दोनी ही कंपनी मांडेल्लोतलीच. कार्बोरेटर देल्लोर्तोचे, तेही लोम्बार्दीतलेच. या गाड्या पन्नास वर्षं रस्त्यावर राहिल्या त्याचं निम्मं श्रेय या छोट्या पुरवठादारांना आहे. स्वाराचं प्रेम कितीही खरं असलं, तरी गॅस्केट मिळाली नाही तर गाडी संग्रहालयातच जाणार.

शिवाय इटलीच्या कायद्याचा आधार आहे. ३० वर्षांहून जुन्या वाहनाला नेहमीचा वाहनकर माफ होतो आणि मोटारसायकल महासंघाच्या ऐतिहासिक नोंदवहीत २० वर्षांपुढच्या गाडीची नोंद करता येते. इमोलाच्या शर्यतमार्गावर दर वर्षी जुन्या सुट्या भागांचा मोठा बाजार भरतो. गंजलेल्या टाक्या, दिव्यांच्या काचा, कुठल्याशा गाडीचं एकच साइड कव्हर. या बाजारात तासन्‌तास वाकून शोधणारे बहुतेक पांढऱ्या केसांचे असतात, आणि सुट्या भागावरचा क्रमांक त्यांना चष्म्याशिवायही ओळखता येतो.

शरीराचा प्रश्न मात्र खरा आहे आणि या माणसांच्या गप्पांत तो सारखा येतो. गाडी दोनशे किलोंची. ‘ल मां’चा क्लच ताठर, कार्बोरेटरच्या स्प्रिंगाही ताठर, हँडल खाली, मनगटावर भार. संधिवात झालेल्या बोटांना शंभर किलोमीटर पुरे होतात. मग कुणी हलक्या स्प्रिंगा बसवतो, कुणी हँडल उंच करतो, कुणी साइडकार जोडतो. कुणी मोठी गाडी पुतण्याला देऊन ३५० सीसीची ‘व्ही-३५’ घेतो, कारण घराणं तेच, वजन कमी. दुसरा प्रश्न सवयीचा. व्ही-७ स्पोर्टचा गिअर उजव्या पायाला आहे. अमेरिकेच्या नियमांमुळे सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून तो जगभर डावीकडे गेला. आपल्याकडे जुनी बुलेट चालवलेल्यांना हे वेगळं सांगायला नको: उजव्या पायाने गिअर, डाव्या पायाने ब्रेक. पन्नास वर्षं मुरलेला हा पाय नव्या गाडीवर ऐन वेळी चुकीचा पेडल दाबतो. म्हणून जुनीच गाडी त्यांच्यासाठी जास्त सुरक्षित, हे त्यांचं म्हणणं मला पटतं.

इटलीच्या दुचाकीशी आपली ओळख झाली ती स्कूटरमधून. मुंबईत एपीआय कंपनीची लॅम्ब्रेटा आणि पुण्यात बजाजची व्हेस्पा. बजाजचा पियाज्जो या मूळ इटालियन कंपनीशी असलेला करार १९७१ मध्ये संपला. त्याच पियाज्जोचा कारखाना आज बारामतीत आहे आणि २००४ पासून मोटो गुझीही तिच्याच मालकीची आहे. पण गुझी आजही मांडेल्लोतच बनते, आणि हे असंच राहावं यासाठी म्हातारे गुझीवाले फार दक्ष असतात. मालक बदलले की त्यांच्या पोटात गोळा येतो. १९७३ मध्ये अलेखांद्रो दे तोमासो आला, २००० मध्ये आप्रीलिया, मग पियाज्जो. प्रत्येक वेळी भीती एकच: फाटक बंद होणार का?

आताची काळजी वेगळी आहे: हाताने करायचं काम नव्या कारखान्यात हरवेल का? शंभराव्या वर्षी, २०२१ मध्ये, पियाज्जोने कारखान्याच्या नव्या रूपाची योजना जाहीर केली. आराखडा अमेरिकन वास्तुविशारद ग्रेग लिन यांचा. संग्रहालय, लोकांसाठी मोकळ्या जागा, नवी इमारत, हे सगळं त्यात आहे. ते चांगलंच होईल. माझी मागणी एवढीच, की त्या झगमगाटात एक कामाचं टेबल ठेवावं. त्यावर एक व्ही-७ चं इंजिन उघडं असावं, शेजारी पान्हे आणि फीलर गेज. आठवड्यातून दोन दिवस गावातल्या निवृत्त कामगारांना बोलवावं आणि विशीतल्या पोरापोरींना टॅपेट लावायला शिकवू द्यावं. कारखान्यात हयात घालवलेली अशी माणसं मांडेल्लोत अजून आहेत.