‘सध्या कुठे असता?’ : स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी

गणपतीचा कार्यक्रम असो की कोजागिरीचं दूध, आपल्या मंडळींत नवी ओळख झाली की दुसरा प्रश्न ठरलेला : "सध्या कुठे असता?" म्हणजे कुठल्या गावात नव्हे, कुठल्या कंपनीत! कंपनीचं नाव कळलं की विचारणाऱ्याचं समाधान होतं. स्वतःचं काम करणारा माणूस मात्र इथे चाचरतो. "तसं काही नाही... घरूनच थोडंफार कन्सल्टिंग..." असं पुटपुटून तो बटाटेवड्यांच्या रांगेत नाहीसा होतो. अहो, गिऱ्हाईक मिळण्याची संधी होती ती!

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी परंपरा नोकरीची. वडील बँकेत, काका रेल्वेत, मावशी शाळेत. पहिल्या तारखेला पगार येतो, तो मागावा लागत नाही, हे आपण लहानपणापासून पाहिलेलं. त्यामुळे कामात आपण वाघ, पण काम मागताना आणि पैसे मागताना जीभ अडखळते. मी गेली बारा वर्षं न्यू जर्सीत वैद्यकीय उपकरणांच्या माहितीपुस्तिका लिहिण्याचा व्यवसाय करते. या काळात पन्नाशीला लेऑफ मिळून स्वतःचं काम सुरू केलेले, मुलं कॉलेजला गेल्यावर उभ्या राहिलेल्या, असे बरेच जण जवळून पाहिले. घराचे हप्ते चालू असताना ज्यांना दुकान बंद करावं लागलं, त्यांच्यापैकी काम येत नव्हतं असा एकही आठवत नाही. संकोच नडला.

पहिला संकोच दराचा. समजा, नोकरीत वर्षाला ९०,००० डॉलर मिळत होते. वर्षाचे कामाचे तास २,०८० धरले तर तासाला ४३ डॉलर पडतात. मग माणूस ४५ मागतो आणि खूश होतो. आता नीट हिशेब करू. ५२ आठवड्यांतून भारतवारीचे तीन आणि आजारपण, सणवार, मुलांच्या सुट्ट्या यांचे तीन वजा जाता उरले ४६. आठवड्याला ४० तास राबलात, तरी बिल लावता येईल असे तास फार तर २५. बाकीचे जातात पत्रव्यवहार, हिशेब आणि नवीन काम शोधण्यात. म्हणजे वर्षाचे १,१५० तास. तेवढेच ९०,००० मिळवायचे तर दर झाला ७८ डॉलर. शिवाय नोकरीत सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा निम्मा भार कंपनी उचलते. इथे निव्वळ उत्पन्नाच्या ९२.३५ टक्क्यांवर १५.३ टक्के आपल्याच खिशातून, आणि इन्कम टॅक्स वेगळा. आरोग्यविमा आणि रिटायरमेंट धरली की आकडा शंभराच्या घरात जातो. तो आकडा तोंडातून निघत नसेल तर आरशासमोर उभं राहून म्हणा. चेष्टा नाही, मी म्हणत असे.

करासाठी बँकेत वेगळं खातं उघडावं आणि आलेल्या प्रत्येक चेकमधून पाव ते तीस टक्के रक्कम त्याच दिवशी तिथे टाकावी. १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि १५ जानेवारी या अंदाजी कराच्या तारखा. यातली दुसरी ‘तिमाही’ दोनच महिन्यांची असते. हे गणित कोणी केलं कोण जाणे, पण जूनमध्ये भल्याभल्यांची धावपळ होते.

दुसरा संकोच घरातला. तुम्ही बेसमेंटमध्ये बसून काम करता म्हणजे तुम्ही घरीच असता, असा सगळ्यांचा पक्का समज. प्लंबरला दार तुम्हीच उघडायचं, शेजारणीचं पार्सल तुम्हीच घ्यायचं, आणि भारतातून सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या असतील तर अकराचा चहा तुमच्याबरोबर! त्यांचा दोष नाही. त्यांच्या हिशेबी कामाला माणूस बाहेर जातो. पॉल ग्रॅहम यांनी २००९ साली लिहिलेल्या एका निबंधात एक मुद्दा छान मांडलाय : मॅनेजरचा दिवस तासातासाचा असतो, पण लिहिणाऱ्याला किंवा प्रोग्रॅम करणाऱ्याला निदान अर्धा दिवस सलग लागतो. मध्ये एक मीटिंग आली की तो अर्धा दिवस फुकट जातो. चहाचंही तसंच. म्हणून डोकं लागणारं काम सकाळी, दार बंद करून. फोन, बिलं, ई-मेल दुपारी. सासूबाईंना "आई, मी साडेबाराला ऑफिसातून वर येते" असं सांगितलं की त्यांना बरोबर समजतं. ज्यांना घरात जमतच नाही त्यांनी डबा घेऊन गावच्या पब्लिक लायब्ररीत जावं. अभ्यासाची खोली बहुधा फुकट मिळते, आणि नवीन कल्पना सुचायची असली तर भोवती पुस्तकं असलेली बरी. मला माझ्या सगळ्यात चांगल्या पुस्तिकेची मांडणी लहान मुलांच्या विभागात सुचली.

आता ओळखींबद्दल. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाचा १९७३ सालचा एक गाजलेला लेख आहे. बॉस्टनजवळच्या न्यूटनमध्ये ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली, त्यांना त्यानं विचारलं, की ज्यानं ही खबर दिली तो माणूस तुम्हाला कितीदा भेटायचा? ‘नेहमी’ म्हणणारे जेमतेम १७ टक्के निघाले. ५६ टक्क्यांच्या आसपास ‘अधूनमधून’, आणि उरलेले ‘क्वचितच’. कारण साधं आहे. जी चार कुटुंबं दर शनिवारी पॉटलकला भेटतात, त्यांना जे ठाऊक ते आपल्यालाही ठाऊक असतं. नवी बातमी येते ती वर्षातून एकदा गणपतीला भेटणाऱ्याकडून, नाहीतर मुलाच्या सॉकरच्या मैदानावर शेजारी उभ्या असलेल्या पालकाकडून. नोकरीचं जे खरं, ते गिऱ्हाइकाचंही, हा माझा अनुभव. माझी निम्मी कामं मराठी न बोलणाऱ्या, अर्धवट ओळखीच्या लोकांकडून आली.

मात्र त्या माणसाला तुमचं काम दुसऱ्याला सांगता आलं पाहिजे. "टेक्निकल रायटर आहे" हे दारापर्यंतही टिकत नाही. "हॉस्पिटलात नवं मशीन आलं की नर्स जी पुस्तिका उघडते, ती मी लिहिते" हे मात्र ऐकणारा घरी जाऊन बायकोला सांगतो. आपापलं असं एक वाक्य घडवा, मराठीत आणि इंग्रजीत. भेटीनंतर दोन दिवसांत चार ओळी लिहून पाठवा. दिवाळीला आपण शुभेच्छा पाठवतोच. त्या यादीत गेल्या तीन वर्षांतलं प्रत्येक गिऱ्हाईक घालायला काय हरकत आहे? धंद्यातलं काही अडलं तर ‘स्कोअर’ नावाची संस्था १९६४ पासून आहे. तिथे निवृत्त आणि अनुभवी व्यावसायिक विनामूल्य सल्ला देतात. आपली मंडळी तिकडे फारशी फिरकत नाहीत.

मंडळाचं काम हीसुद्धा एक ओळखच. कार्यक्रमपत्रिका वेळेवर छापून आणणारा माणूस लोकांच्या लक्षात राहतो, आणि न आणणारा जास्त! पण "जरा माझ्या मेहुण्याची वेबसाइट बघून दे ना" ही वेगळी गोष्ट. तिथे मी म्हणते, "तासभर बोलू, माझ्याकडून. पुढचं काम असलं तर कोटेशन पाठवते." नाती तुटत नाहीत. उलट दोन मेहुण्यांनी बिल भरलं.

बिलाचंच निघालं म्हणून सांगते. एका कंपनीनं माझं बिल चार महिने लोंबकळत ठेवलं होतं. मॅनेजर गोड बोलायचा, "झालंच समजा." शेवटी मी थेट अकाउंट्सच्या बाईंना फोन केला. मॅनेजरनं परचेस ऑर्डरच काढली नव्हती. बाईंनी ती काढायला लावली आणि नऊ दिवसांत चेक आला. तेव्हापासून ऑर्डरचा नंबर हातात पडल्याशिवाय मी पहिलं पान लिहीत नाही, मोठ्या कामाला एक तृतीयांश आगाऊ घेते, आणि अकाउंट्सच्या माणसाचं नाव आधी विचारून ठेवते.

एकाच गिऱ्हाइकाकडून निम्म्याहून जास्त पैसे येत असतील तर ती विम्याविना नोकरीच म्हणायची. २००८ साली आणि पुन्हा २०२० साली कंपन्यांनी हात आखडले, तेव्हा कंत्राटी माणसांना दोन आठवड्यांची नोटीसही द्यावी लागली नाही. काम भरपूर असतानाच शुक्रवारची दुपार पुढच्या कामासाठी राखून ठेवणारे तगले.

आणि हो, नव्यानं आलेल्यांसाठी : एच-वन व्हिसावर ज्या कंपनीनं अर्ज केला तिचंच काम करता येतं, फावल्या वेळात घरून स्वतःची बिलं लावता येत नाहीत. एच-फोरवरच्या ज्या जोडीदारांना २०१५ च्या नियमानुसार वर्क परमिट मिळतं, त्यांना स्वतःचा व्यवसायही करता येतो. पाऊल उचलण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. त्याची फी द्यायला मात्र संकोच करू नका, तोही आपल्यासारखाच तासावर जगतो.